मॅग्नेशियमच्या जॉबवर (सुट्या भागावर) सिरियम कोटिंग: जॉब पाठवण्याआधी वाचा

मॅग्नेशियमचे वजन ॲल्युमिनियमच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणून गिअरबॉक्स केसिंगपासून ड्रोनच्या फ्रेमपर्यंत त्याला मागणी आहे. पण खाऱ्या, दमट हवेत उघडे मॅग्नेशियम फार तग धरत नाही.

पूर्वी यावर क्रोमेटचा थर हा हुकमी इलाज होता. त्यातले हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोगाला कारण ठरते आणि युरोपच्या रोह्स या घातक पदार्थांवरच्या नियमाने २००६ पासून इलेक्ट्रॉनिक मालात त्यावर बंधन आहे. आम्ही त्याऐवजी सिरियम हा रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) गटातला धातू वापरतो. रेअर अर्थ म्हटले की भाव विचारायलाच लोक बिचकतात, पण पृथ्वीच्या कवचात सिरियम जवळपास तांब्याइतके आहे.

साफ केलेला जॉब सिरियम नायट्रेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाथमध्ये उतरवला की धातू किंचित विरघळतो, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि पृष्ठभागालगतचे द्रावण अल्कली होते. तिथेच सिरियमचा थर बसतो. जॉब सोनेरी पिवळा दिसू लागतो. पिवळा जितका गडद तितके काम चांगले, असे समजू नका. जाड थर वाळताना मेच्या शेतासारखा तडकतो. बोट फिरवले की पिवळी भुकटी हाताला लागते. आम्ही थर पातळच ठेवतो आणि गरम फॉस्फेटमध्ये सील करतो.

ही रंगाखालची बैठक आहे. बाहेर वापरायच्या जॉबला वरून ई-कोट (विजेच्या मदतीने बसवलेला रंग) किंवा पावडर कोटिंग हवेच.

"कोटिंग गेले" अशी तक्रार आली की आम्ही आधी दोन गोष्टी पाहतो. पहिली, जॉब स्टीलच्या शॉटने (बारीक गोळ्यांच्या माऱ्याने) ब्लास्ट केला होता का. लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि प्रत्येक कणाभोवती खड्डा पडतो. त्यावर कोणतेही कोटिंग तोकडे पडते. ब्लास्टिंग ॲल्युमिना किंवा काचेच्या मण्यांनी करा. दुसरी, बोल्ट. स्टीलचा बोल्ट थेट टेकला आणि फटीत पाणी साचले की मॅग्नेशियम झिजते, बोल्ट मात्र शाबूत राहतो. बोल्टाच्या डोक्याखाली त्याहून रुंद, ५००० किंवा ६००० सीरिजच्या ॲल्युमिनियमचा वॉशर घाला. पाणी साचेल असा खळगा डिझाइनमध्येच टाळा.

जॉबसोबतच्या डिलिव्हरी चलनावर मिश्रधातूचा ग्रेड लिहा, ग्रेडप्रमाणे पिकलिंग (आम्लाने सफाई) बदलते. अर्थिंगच्या जागा आणि आटे ड्रॉइंगवर दाखवा, ते मास्क करू, म्हणजे कोटिंग लागू नये म्हणून झाकू. जॉबसोबत स्वार्फ (कातकामातली धातूची कीस) येऊ देऊ नका: ती पेटली तर पाण्याने विझत नाही, आणखी भडकते.