षडाष्टक म्हणजे १५० अंशांची ‘मृत्युदृष्टी’ नव्हे
कापसाची वेचणी आटोपली की यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत सोयरिकी सुरू होतात, आणि ओसरीवर पंचांग उघडून ‘राशींत षडाष्टक आहे, म्हणजे १५० अंशांची मृत्युदृष्टी’ असे कोणी म्हटले की जमत आलेले स्थळ मोडते व नकाराचा बोल मुलीच्या वाट्याला येतो. कोनामुळे जोडीदार दगावतो याला कोणताही पुरावा नाहीच. पण ज्योतिषाच्या नियमांनीही हे विधान चुकीचे ठरते, कारण त्यात भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन पद्धतींची सरमिसळ आहे.

षडाष्टक म्हणजे एकाची चंद्ररास दुसऱ्याच्या राशीपासून सहावी आणि उलट मोजता आठवी येणे; ते राशी मोजून ठरते, अंश मोजून नव्हे. मुलाचा चंद्र मेषेच्या २८ अंशांवर आणि मुलीचा कन्येच्या २ अंशांवर असला तरी षडाष्टक होतेच, मात्र प्रत्यक्ष अंतर १२४ अंशच भरते. दोन ग्रहांमधला १५० अंशांचा योग पाश्चात्त्य पद्धतीत गौण मानला जातो आणि तेथे त्याचा अर्थ जुळवून घेताना होणारी ओढाताण असा लावतात.

शिवाय मेष-वृश्चिक आणि वृषभ-तूळ या जोड्यांचे राशिस्वामी, म्हणजे राशीचे अधिपती ग्रह, एकच असल्याने आपली परंपरा त्यांना प्रीतिषडाष्टक म्हणते आणि विवाहास मान्यता देते, हे बैठकीत आवर्जून सांगितले गेले पाहिजे.