नोंदवहीतील एक रकाना: मिकुच्या गाण्यांची पार्श्वभूमी

कृत्रिम आवाजातील जपानी गाणी आज नव्याने ऐकणाऱ्यापर्यंत बहुधा उलट्या क्रमाने पोहोचतात. आधी मोबाइलवरील एखादा खेळ किंवा मैफलीची चित्रफीत दिसते, मग हिरव्या-निळ्या लांब वेण्यांची हात्सुने मिकु ही कृत्रिम आवाजाची काल्पनिक गायिका ओळखीची होते आणि गाणे रचणाऱ्याचे नाव कळलेच, तर सर्वांत शेवटी कळते. हा क्रम असा का पडला, याचे उत्तर २००७ च्या उत्तरार्धात सापडते. त्याआधीचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. १९६१ मध्ये अमेरिकेतील एका दूरध्वनी कंपनीच्या प्रयोगशाळेत आयबीएम ७०४ या संगणकाकडून एक जुने लोकप्रिय गीत गाऊन घेण्यात आले होते. २००० मध्ये जपानमधील एका वाद्यनिर्मात्या कंपनीने बार्सिलोनातील विद्यापीठाच्या साथीने गायनसंश्लेषणाचे संशोधन हाती घेतले. त्यातून निघालेल्या व्होकॅलॉइड या प्रणालीवरील पहिले दोन आवाज २००४ च्या आरंभी ब्रिटनमधून विक्रीला आले आणि ते इंग्रजी होते. पहिला जपानी स्त्री-आवाज त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये साप्पोरोतील एका कंपनीने आणला. २००६ मधील पुरुष-आवाजाला सुरुवातीला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही.

साप्पोरोच्या याच कंपनीची मिकु बाजारात आली ती ३१ ऑगस्ट २००७ रोजी, व्होकॅलॉइडच्या दुसऱ्या आवृत्तीवर. तिच्यासाठी आवाज देणाऱ्या अभिनेत्रीकडून गाणी गाऊन घेतलेली नव्हती. तिने ठरावीक पट्टीत अर्थहीन अक्षरमालिका म्हटल्या आणि एका ध्वनीवरून दुसऱ्या ध्वनीवर जातानाचे तुकडे त्यांतून कापून घेण्यात आले. जपानीसाठी एका पट्टीत असे सुमारे ५०० तुकडे पुरतात, तर इंग्रजीसाठी सुमारे २,५०० लागतात. इंग्रजी आवाजांच्या तुलनेत जपानी आवाज लवकर कानाला रुचले, यात या फरकाचाही वाटा असावा. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक स्वर म्हणजे एक आडवा ठोकळा असतो. तो किती वर आहे यावरून सूर ठरतो, लांबीवरून काल ठरतो आणि आत काना या जपानी लिपीतील अक्षर भरायचे असते. मात्र हे अक्षर लेखनानुसार नव्हे, उच्चारानुसार भरावे लागते. वाक्यात अव्यय म्हणून येणारा ‘हा’ म्हणताना ‘वा’ होतो, म्हणून ‘वा’ असेच टंकावे लागते. नाहीतर मिकु नुकतीच वाचायला शिकलेल्या मुलासारखी गाते. त्यानंतर खालच्या पट्ट्यात स्वराची चढउतार, कंप आणि जोर यांच्या रेषा हाताने काढाव्या लागतात. एका ओळीवर संध्याकाळ खर्ची पडावी, असे हे काम आहे.

खोक्यावर मिकुविषयी जवळजवळ काहीच छापलेले नव्हते. वय १६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४२ किलो, एवढीच तिची ओळख होती. कथा नाही, स्वभाव नाही. ही मोकळी जागा भरून काढली ती डिसेंबर २००६ मध्ये सुरू झालेल्या निको निको डोगा या संकेतस्थळावरील मंडळींनी. तेथे प्रेक्षकांचे शेरे चालू चित्रफितीवरूनच सरकत जातात. सप्टेंबर २००७ च्या आरंभी कोणीतरी मिकुकडून एक फिनिश पोल्का गाऊन घेतली आणि तिच्या हातात पातीचा कांदा दिला. तो कांदा आजही तिच्या चित्रांतून सुटलेला नाही. त्याच महिन्यात मिकुच्याच तोंडी घातलेले एक खेळकर गाणे आले आणि अफाट लोकप्रिय झाले. एकाने गाणे करावे, दुसऱ्याने त्यावर चित्र काढावे, तिसऱ्याने ते स्वतः गाऊन पाहावे आणि चौथ्याने त्यावर नाचून पाहावे, ही रीत याच काळात रुजली.

वाद उभा राहिला तो या खेळकर गाण्यावरूनच. डिसेंबर २००७ मध्ये असे लक्षात आले की, संकेतस्थळाशी संबंधित संगीत-प्रकाशन कंपनीने रिंगटोन म्हणून विकण्यासाठी ते गाणे स्वामित्वहक्काचे पैसे वसूल करणाऱ्या जपानमधील सर्वांत मोठ्या संस्थेकडे नोंदवले असून, कलावंताच्या रकान्यात ‘हात्सुने मिकु’ असे लिहिले आहे. साप्पोरोच्या कंपनीने आपण या नावाला संमती दिली नसल्याचे जाहीर केले, प्रकाशन कंपनीच्या बाजूनेही खुलासे आले आणि नाताळच्या सुमारास संयुक्त निवेदनाने प्रकरण मिटवण्यात आले.

मात्र खरा प्रश्न दोन कंपन्यांच्या रुसव्याफुगव्याचा नव्हताच. या संस्थेकडे हक्क सोपवणे म्हणजे तो विश्वस्त म्हणून तिच्या नावे करणे होय. त्यानंतर ‘घ्या आणि हवे तसे वापरा’ असे सांगण्याची मोकळीक खुद्द रचनाकारालाही उरत नाही. ज्या गाण्याचे मोल लोकांनी त्यावर केलेल्या शेकडो भरींमुळे वाढले, त्याच्यावर कुंपण पडेल, ही भीती म्हणूनच रास्त होती. ती थोडी अतिशयोक्त होती, हेही मान्य करावे लागेल, कारण संकेतस्थळाने एप्रिल २००८ मध्ये त्याच संस्थेशी करार करून तिच्या गाण्यांच्या वापराचा मार्ग बराच मोकळा केला. कलावंताच्या रकान्याबाबत मात्र रचनाकारांचा राग रास्तच होता. मिकु वाद्य असेल, तर तिचे नाव त्या जागी लिहिणे म्हणजे सतारवादकाऐवजी सतारीचे नाव छापणे होय. आणि ती गायिका असेल, तर तिच्या वतीने सही कोणी करायची, याचे उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हते.

बऱ्याच घडामोडी याच पेचाभोवती फिरतात. त्याच डिसेंबरच्या आरंभी साप्पोरोच्या कंपनीने चित्रे, शब्द आणि चाली एकमेकांना वापरू देण्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. २००९ मध्ये पात्राच्या अव्यावसायिक वापराचा परवाना लिहून काढला आणि २०१२ मध्ये मूळ चित्रांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांना वापराची मुभा देणारा, अव्यावसायिक परवाना लागू केला. गाण्यांचे त्रांगडे अधिक काळ टिकले. कॅराओकेत ही गाणी धडाक्यात गायली जात होती, पण नोंदणी टाळल्यामुळे रचनाकारांच्या हाती काही पडत नव्हते. अखेर कॅराओकेसारखे हक्क संस्थेकडे सोपवायचे आणि इंटरनेटवरील वापराचे हक्क स्वतःकडे ठेवायचे, अशी अंशतः नोंदणीची वाट निघाली. ही तोड २००७ मध्येच सुचली असती, तर बरेच कडू शब्द वाचले असते.

व्यासपीठावर मात्र मिकु गायिका म्हणूनच उभी राहिली. ९ मार्च २०१० रोजी टोकियोत वाजत्या वाद्यवृंदासमोर पारदर्शक पडद्यावर तिची प्रतिमा प्रक्षेपित करून मैफल झाली. तारीखही मुद्दाम निवडलेली होती, कारण जपानीत ३ आणि ९ हे आकडे ‘मि’ आणि ‘कु’ असे वाचता येतात. २०२० मध्ये मिकु आणि तिच्यासारख्या आवाजांच्या पात्रांवरचा मोबाइल-खेळ आला आणि गाणी ऐकण्याआधी खेळणाऱ्यांची एक पिढी तयार झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये साप्पोरोच्या कंपनीने मिकुचा नवा आवाज व्होकॅलॉइडवर न बसवता स्वतःच्या प्रणालीवर आणला. व्होकॅलॉइडची सहावी आवृत्ती २०२२ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे आली, तेव्हा मिकु तिच्यात नव्हती.