पाटी फुटली, कर्ज मिटलं

२९,०८६ मापं जव. ३७ महिने. कुशिम. दक्षिण इराकमधल्या उरुक शहरातल्या, सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाटीवरचा हा मजकूर. कुशिम हे माणसाचं नाव की हुद्द्याचं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माणूस असेल, तर ज्याचं नाव लेखी उरलं असा जगातला बहुधा पहिलाच. आणि तो राजा नाही की कवी नाही, कोठारातल्या जवाचा हिशेब ठेवणारा!

उरुकच्या सुरुवातीच्या हजारो पाट्यांपैकी बहुतेक अशाच आहेत: धान्य, मेंढ्या, शिधा. 'खाणे' यासाठीची खूण म्हणजे माणसाचं डोकं आणि तोंडाशी वाडगा. तिरक्या काठाचे तसे ओबडधोबड वाडगे तिथल्या उत्खननात ढिगाने निघतात. मजुरांना शिधा त्यांतून मोजून देत असावेत.

आकड्यांची तऱ्हा तर आणखी वेगळी. बोरूने ओल्या मातीत दाबलेली लहान गोल खूण मेंढ्या मोजताना दहा एककांची, पण जव मोजताना सहाच. हे पाठ असलेले लोक मोजके. ज्याने जव पिकवला, त्याला समोरची पाटी कळण्याची शक्यता कमीच. माझ्या मते लेखणीची सत्ता इथून सुरू होते, शिलालेखांतल्या विजयगाथांपासून नव्हे.

तोंडी उधारीत घासाघीस चालते, विसर पडतो. पाटी विसरत नाही. पुढे बॅबिलोनमध्ये कर्जाच्या पाट्यांवर साक्षीदारांची नावं येऊ लागली, आणि कर्जापायी बायकामुलं सावकाराकडे राबायला जाऊ लागली. तिथला राजा हम्मुराबी याच्या कायद्याने या राबणुकीला ३ वर्षांची मर्यादा घातली, म्हणजे प्रकार किती बोकाळला असेल बघा.

मग राजे अधूनमधून कर्जमाफी काढत. तिथल्या अक्कादी भाषेत दस्तऐवज रद्द करण्याला 'पाटी फोडणे' असंच म्हणत. इ.स.पू. सतराव्या शतकात हम्मुराबीच्या वंशातल्या अम्मिसदुकाने जव आणि चांदीची कर्जं माफ केली. व्यापारातली देणी मात्र कायम ठेवली. सावकारही काही कच्चे नव्हते. व्याजी कर्ज द्यायचं आणि पाटीवर खरेदी किंवा ठेव म्हणून लिहून घ्यायचं, म्हणजे माफी लागू नको! राजाच्या फर्मानात या चलाखीसाठी वेगळं कलमच आहे: साक्षीदार आणून खोटेपणा सिद्ध झाला, तर ती पाटी फोडायची.