आफ्टरमार्केट सुपरचार्जर: टिकाऊपणा आणि देखभाल

आफ्टरमार्केट सुपरचार्जर म्हणजे कंपनीने गाडीला न दिलेला, मालकाने नंतर विकत घेऊन बसवलेला हवेचा पंप. इंजिनाच्या क्रँक पुलीवरून (क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) बेल्टने फिरतो, इंजिन स्वतःहून ओढेल त्यापेक्षा जास्त हवा सिलेंडरमध्ये ढकलतो, जास्त हवा म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. टर्बो एक्झॉस्टच्या गॅसवर फिरतो, हा थेट इंजिनावर, त्यामुळे पाय दाबला की लगेच उत्तर देतो. "हे टिकतं का?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा असं असतं की सुपरचार्जर टिकतो हो, त्याच्या आजूबाजूचं सगळं टिकतंय का ते बघा.

मूळ कल्पना गाड्यांच्याही आधीची. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रूट्स नावाच्या दोन भावांनी १८६० मध्ये ब्लोअरचं पेटंट घेतलं, त्यांचं नाव त्या जातीच्या सुपरचार्जरला अजून चिकटलेलं आहे. मर्सिडीजने १९२१ मध्ये सुपरचार्जरवाल्या गाड्या दाखवल्या. नंतरून बसवायच्या किटचा धंदा मात्र मुख्यतः १९५० च्या दशकात अमेरिकेत फोफावला, तेव्हा फोक्सवॅगन बीटलसाठी जडसन कंपनीचा छोटा सुपरचार्जर मिळायचा. त्यात आतल्या पात्या भिंतीला घासत फिरायच्या म्हणून त्याला तेलाची वेगळी बाटली, तेल थेंबथेंब आत जायचं आणि मालकाने ती बाटली भरत राहायची. देखभाल विसरला की पात्या गेल्या, इतका सरळ हिशोब होता.

आजचे प्रकार ढोबळमानाने तीन. रूट्स, ट्विन स्क्रू आणि सेंट्रिफ्युगल. पहिल्या दोघांत दोन रोटर एकमेकांना न शिवता फिरतात, पुढचे टायमिंग गिअर त्यांच्यात अंतर राखतात, म्हणजे जिथून हवा जाते तिथे तेल लागतच नाही, तेल फक्त गिअरच्या डब्यात. सेंट्रिफ्युगल म्हणजे टर्बोचा पुढचा अर्धा भाग गिअरवर चढवलेला, इंजिनाचा आरपीएम वाढेल तसा बूस्ट, म्हणजे ढकललेल्या हवेचा जादा दाब, वाढतो. यातल्या काहींना तेल इंजिनातून येतं, म्हणजे ऑइल पॅनला, इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला, भोक पाडून परतीचा पाइप बसवावा लागतो (आणि ते काम घाईत केलं तर लोखंडाचा किस पॅनमध्ये पडतो, पुढचं सांगायला नको), तर काहींमध्ये तेल स्वतःचं वेगळं असतं. प्रोचार्जर कंपनीच्या अशा वेगळ्या तेलाच्या युनिटला पहिलं तेल ५०० मैलांवर आणि पुढे दर ६,००० मैलांवर बदलायला सांगतात. तेल अगदी थोडंसं लागतं, पण बहुतेक मालक नेमके तेवढ्यासाठीच आळस करतात.

उदाहरण म्हणून माझदाची एमएक्स-५ घेऊ, अमेरिकेत जिला मिआटा म्हणतात. १९८९ ला आली, १.६ लिटरचं इंजिन, वजनाला हलकी, ताकदीला बेताची, त्यामुळे किटवाल्यांचं लक्ष लगेच गेलं. जॅक्सन रेसिंग या कंपनीच्या किटमध्ये ईटन कंपनीचा रूट्स जातीचा एम४५ सुपरचार्जर यायचा. ४५ म्हणजे एका फेऱ्यात ४५ घन इंच, सुमारे पाऊण लिटर हवा. बूस्ट साधारण ६ पीएसआय (दर चौरस इंचाला ६ पौंड दाब), दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नाही. आता ६ पीएसआय ऐकायला किरकोळ वाटतं, पण हवा दाबली की तापते आणि रूट्स जातीचा पंप त्यात जरा जास्तच तापवतो, गणित मांडलं तर ३० अंशाची हवा बाहेर पडताना ८० च्या वर जाते. ही तापलेली हवा, वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल, वर ठिणगीचं टायमिंग मूळचंच ठेवलेलं, की नॉकिंग सुरू, म्हणजे मिश्रण ठिणगीनंतर एकसारखं जळायच्या ऐवजी कोपऱ्यात आपोआप पेटतं आणि पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटते. लोक म्हणतात सुपरचार्जरने इंजिन उडवलं. खरं तर ट्यूनिंगने उडवलेलं असतं, सुपरचार्जरला काही झालेलंच नसतं, तो काढून दुसऱ्या इंजिनावर बसतो.

म्हणून किट बसवताना पेट्रोलचा पुरवठा आणि टायमिंग हे दोन्ही नीट झालं का, यावर अर्धं आयुष्य ठरतं. जुन्या किटमध्ये बूस्ट वाढला की पेट्रोलचं प्रेशर वाढवणारा रेग्युलेटर असायचा, तो एक जुगाडच, चालतो पण रबरी पडदा म्हातारा झाला की पेट्रोल कमी पडतं आणि मालकाला पत्ता नसतो. आता मोठे इंजेक्टर आणि प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हीच पद्धत, आणि डॅशबोर्डवर एअर-फ्युएलचा वाइडबँड मीटर असावाच, तो पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग ते दाखवतो. बूस्टमध्ये आकडा ११.५ ते १२ च्या आसपास पाहिजे, १३ च्या पुढे जायला लागला की पाय काढायचा आणि फ्युएल पंप, फिल्टर बघायचा. स्पार्क प्लग एक नंबर थंड जातीचे, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, लावतात, गॅपही कमी करतात, १.१ मिमी असेल तर ०.७-०.८ पर्यंत, कारण दाबाखाली ठिणगी विझते. ट्यूनर सांगेल तो आकडा खरा.

मिआटाची अजून एक खासियत, १९९० आणि ९१ च्या सुरुवातीच्या इंजिनांचं क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं. तिथला बोल्ट ढिला राहिला की पुली जागेवर धरणाऱ्या चावीची (लोखंडी पाचरीची) खाच घासून मोठी होते, पुली डोलायला लागते, टायमिंग हलतं. साध्या गाडीतही हा आजार होता, त्यात तुम्ही त्याच पुलीवर सुपरचार्जरचं ओझं टाकताय. जुनी गाडी घेऊन किट बसवणाऱ्याने आधी हे टोक उघडून बघावं, मगच पैसे खर्च करावेत.

तोच एम४५ मिनी कूपर एसच्या २००२ ते २००६ च्या मॉडेलमध्ये कंपनीनेच दिला होता, त्यामुळे तो लाखभर मैल चालल्यावर काय होतं हे जगाला नीट कळलं. गिअरचं तेल "आयुष्यभराचं" म्हणून विकलं गेलं. मिनीत या सुपरचार्जरला तेलाचे दोन वेगळे कप्पे, एक पुलीकडे, एक मागे, आणि मागच्या गिअरवरून चक्क इंजिनाचा वॉटर पंप फिरतो. मागचं तेल आटलं की गिअरचे दात खाल्ले जातात, वॉटर पंप थांबतो, इंजिन तापतं. म्हणजे सुपरचार्जरच्या दोन चमचे तेलापायी इंजिनाचं हेड गॅस्केट जातं. "आयुष्यभराचं" हा शब्द कंपनी वॉरंटीचं आयुष्य धरून वापरते असं समजून चालावं. ईटनचं तेल ५०-६० हजार किमीला बदलून टाकणं शहाणपणाचं, सिरिंजने ओढून काढायचं, गाडी सपाट जागी आणि थंड असताना भरायचं, जास्त भरायचं नाही. जुन्या तेलाचा वास भयंकर असतो, कपड्यांना लागला तर घरात घेत नाहीत.

आवाजावरून बरंच कळतं. आयडलला डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड आणि अ‍ॅक्सिलेटर दिला की गायब, तर बहुतेक कपलर गेला, पुली आणि रोटर गिअर यांच्यामधला प्लास्टिकचा छोटा तुकडा. स्वस्त पार्ट, पण पुढचं नाक उघडावं लागतं. आरपीएमबरोबर वाढत जाणारी गुरगुर असेल तर बेअरिंग, बेल्ट काढून पुली हाताने फिरवायची, वरखाली हलवायची, खेळ जाणवला तर चालवत राहू नये, कारण बेअरिंग गेलं की रोटर एकमेकांना लागतात आणि मग अ‍ॅल्युमिनियमचा चुरा थेट सिलेंडरमध्ये.

बूस्ट मीटर शोभेसाठी नाही. नेहमी ६ दाखवणारा ४ वर आला तर बेल्ट सटकतोय किंवा बायपास व्हॉल्व्ह (ताकद नको असताना हवा परत फिरवणारी झडप) उघडा अडकलाय, पुलीच्या आसपास काळी भुकटी दिसली तर बेल्टच. टेन्शनर आणि आयडलर पुलीची बेअरिंग बदलायची, नुसता बेल्ट आवळत गेलं तर सुपरचार्जरचं पुढचं बेअरिंग मरतं. उलट काही न बदलता बूस्ट वाढला तर खुश होऊ नका, एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असेल, हवा बाहेर जात नाही म्हणून आत दाब साठतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातला गॅस परत जळायला पाठवणारी झडप) हा शेंगदाण्याएवढ्या किमतीचा पार्टही बघावा, तो बूस्ट अडवत नसेल तर दाब क्रँककेसमध्ये, म्हणजे त्याच पोटात, शिरतो आणि ऑइल सील गळायला लागतात, मग लोक सील बदलत बसतात.

पाण्याने थंड होणाऱ्या इंटरकूलरच्या किटमध्ये पाण्याचा छोटा इलेक्ट्रिक पंप हा कच्चा दुवा. तो बंद पडला तर लगेच काही कळत नाही, फक्त गाडी दुपारी मंद वाटते, कारण ईसीयू तापलेली हवा बघून टायमिंग मागे घेतो. एअर फिल्टरही वेळेत बदलायचा, धूळ रोटरवरच्या कोटिंगला ओरखडते. इंजिन ऑइल कंपनीच्या निम्म्या अंतराला बदलणारे बरेच जण आहेत, गाडी रोज दामटवत असाल तर त्यात चूक काही नाही.

कायद्याचंही बघावं लागतं. कॅलिफोर्नियात किटला तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर, म्हणजे मंजुरीचा क्रमांक, नसेल तर स्मॉग (धुराच्या) तपासणीत गाडी अडकते. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल चालत नाही आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं, त्यामुळे पुण्या-मुंबईत कोणी असं किट बसवलं असेल तर आरटीओ आणि इन्शुरन्स दोन्हीकडे प्रश्न येऊ शकतो, गाडी ट्रॅकवरच चालवत असेल तर गोष्ट वेगळी.

सेकंडहँड किट घेताना सुपरचार्जरपेक्षा ब्रॅकेट आणि पुल्या आधी मोजून घ्याव्यात. ईटनचे बेअरिंग, सील, कपलर आजही मिळतात कारण तेच युनिट कंपन्यांच्या लाखो गाड्यांत गेलंय, पण किटवाल्याने त्या एका मॉडेलसाठी कापलेला ब्रॅकेट हरवला आणि किटवाला धंद्यातून उठला असेल तर मशीन शॉपमध्ये तो नव्याने बनवून घ्यावा लागतो, आणि पुल्यांची ओळ एखाद-दोन मिमीने जरी चुकली तरी बेल्ट फेकला जातो.