लार्ज सेंट नाण्यांचा संग्रह

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १७९३ ते १८५७ या काळात पाडलेली एक सेंटची मोठी, तांब्याची नाणी म्हणजे लार्ज सेंट. १८५७ साली ती बंद झाली आणि रोजच्या वापरातले नाणे नाहीसे होताना पाहून अनेकांनी ते सालवार जमवायला घेतले. अमेरिकेत नाणेसंग्रहाचा छंद फोफावला तो याच सुमारास. जाणत्या संग्राहकांची खरी ओढ मात्र १८१४ पर्यंतच्या नाण्यांकडे असते.

पहिल्या सेंटच्या मागच्या बाजूस १५ राज्यांची खूण म्हणून १५ कड्यांची साखळी होती. स्वातंत्र्यदेवतेच्या नाण्यावर साखळी, हा अपशकुन असल्याची टीका झाली आणि ३६,१०३ नाण्यांनंतर साखळीच्या जागी पानांची माळ आली. तांबे महागल्याने १७९५ च्या अखेरीस वजन १३.४८ ग्रॅमवरून १०.८९ ग्रॅमवर आणले गेले. पुढे कोऱ्या चकत्या बर्मिंगहॅमहून मॅथ्यू बोल्टन यांच्याकडून येऊ लागल्या. मुंबई इलाख्याची १७९१ ची तांब्याची नाणी पाडणारे हेच बोल्टन. ब्रिटनशी झालेल्या युद्धात हा पुरवठा तुटला, म्हणून १८१५ सालचा सेंटच नाही.

सुरुवातीचे ठसे हाताने कोरले जात आणि लवकर तडकत. त्यामुळे एकाच सालच्या नाण्यांत केसांची बट, पाने, आकड्यांची जागा बदललेली दिसते. १७९४ च्या एका प्रकारात तर मागच्या कडेला ९४ बारीक तारे आहेत. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली १७९३ ते १८१४ च्या प्रकारांना क्रमांक दिले, आणि अवस्था मोजायला १ ते ७० ही श्रेणीही दिली. ७० श्रेणीचे नाणे १ श्रेणीच्या सत्तरपट किमतीचे, हा त्यामागचा हिशेब बाजाराने लवकरच मोडला. श्रेणी मात्र आज जगभरच्या नाण्यांना लावली जाते. याच शेल्डन यांनी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून त्या जागी आपले हलके नमुने ठेवल्याचे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झाले. या अभ्यासाला लागलेला हा मोठा डाग आहे.

तांबे मऊ असते, हवा-ओल सोसत नाही. म्हणून १७९० च्या दशकातील मूळ लालसर झाक टिकलेला सेंट फार दुर्मीळ. ठळक पण खड्डे पडलेल्या नाण्यापेक्षा थोडे झिजलेले, गुळगुळीत, एकसारख्या तपकिरी रंगाचे नाणे संग्राहक पसंत करतात, आणि ते योग्यच आहे. चिंचेने तांब्या लख्ख करावा तसे नाणे घासले, की त्याचे मोल गेलेच. १८१६ ते १८२० चे लाल सेंट त्या मानाने सहज मिळतात. ते गृहयुद्धानंतर जॉर्जियात सापडलेल्या साठ्यातले मानले जातात.

१७९९ चा सेंट झिजलेलाही महाग, म्हणून १७९८ च्या नाण्यातील शेवटचा ८ कोरून त्याचा ९ करणारे भामटे पूर्वीपासून आहेत. १७९९ चे ज्ञात प्रकार दोनच असल्याने बाकीची अक्षरे आणि पाने जुळवून पाहिली की अशी लबाडी पकडता येते.