मशीन नेमकं कुठे अडलं?

फ्रंट लोड वॉशिंग मशीन बंद पडलं की घरात पहिलं काम सुरू होतं ते मोबाइलवर एरर कोड शोधण्याचं. पॅनलवर दोन अक्षरं लुकलुकत असतात, कोणीतरी ती टाइप करतं आणि पंप गेलाय, बोर्ड गेलाय की आता नवीनच घ्यावं यावर चर्चा रंगते. कोड खोटा नसतो. पण मशीनला कळतं ते एवढंच, की ठरलेल्या वेळात पाणी भरायला हवं होतं, ते भरलं नाही. किंवा निघून जायला हवं होतं, ते गेलं नाही. का गेलं नाही, हे त्यालाही ठाऊक नसतं. म्हणून कोडपेक्षा ते कोणत्या टप्प्यावर अडलं हे बघणं जास्त कामाचं: पाणी घेताना, धुताना, पाणी सोडताना की कपडे पिळायला लागल्यावर? प्रत्येक टप्प्यामागचं विज्ञान वेगळं आहे, आणि दोष पुष्कळदा मशीनच्या बाहेरच सापडतो.

पाणी घेताना अडणारं मशीन वरच्या मजल्यावरच्या घरात असेल, तर पहिला संशय गच्चीवरच्या टाकीवर घ्यावा. नळी जिथे मशीनला लागते तिथे इनलेट व्हॉल्व्ह असतो. त्याला वीज मिळाली की आतला छोटा लोखंडी दांडा उचलला जातो, पण त्याने उघडतं ते फक्त एक बारीक भोक. पाण्याची मुख्य वाट रबरी पडद्याने अडवलेली असते आणि तो पडदा उचलतो नळातल्या पाण्याचा दाब. दाबच नसेल तर वीज पोहोचूनही उपयोग नाही. माहितीपुस्तिकेत किमान दाब बहुधा ०.३ ते ०.५ बार दिलेला असतो. एक बार म्हणजे सुमारे दहा मीटर उंच पाण्याचा दाब. म्हणजे टाकीतलं पाणी नळापेक्षा तीन ते पाच मीटर तरी वर हवं. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरमध्ये शेवटच्या मजल्याला ही उंची जेमतेम मिळते, आणि त्यातलाही काही दाब पाइपांच्या वळणांत खर्च होतो. खाली उतरावं तशी दर मजल्याला साधारण ०.३ बारची भर पडते. म्हणूनच उंच इमारतींत खालच्या मजल्यांना दाब कमी करणारे व्हॉल्व्ह लागतात आणि वरच्यांना बूस्टर पंप. सोसायटीचा बूस्टर बंद असला तर बेसिनला पाणी येतं, शॉवरची धार बारीक होते आणि मशीन मात्र सरळ एरर देऊन मोकळं होतं. मेकॅनिकला फोन करण्याआधी वॉचमनला विचारलेलं बरं.

खात्री करणं सोपं आहे. प्लग काढायचा (नुसतं बटण बंद करून थांबायचं नाही), नळ बंद करायचा, मशीनकडची नळी सोडवून बादलीत धरायची आणि नळ उघडायचा. धार जोरात असेल तर दोष व्हॉल्व्हच्या तोंडाशी बसवलेल्या जाळीत शोधा. ती छोट्या पक्कडीने हलकेच ओढली की निघते. टँकरच्या पाण्यातला गाळ, सोसायटीची टाकी धुतल्यानंतर पाइपात सुटलेला गंज, जुन्या टेफ्लॉन टेपचे तुकडे असा सगळा माल तिथे अडकलेला असतो. जुना टूथब्रश पुरतो.

किती पाणी आलं हे मशीन मोजतं कसं, हा त्यातला सगळ्यात सुंदर भाग. पाण्यात बुडालेला एकही सेन्सर त्यासाठी लागत नाही. फिरणाऱ्या ड्रमभोवती पाणी धरणारं न फिरणारं भांडं असतं, तो टब. त्याच्या तळाशी एक छोटा कप्पा असतो आणि त्यातून बारीक रबरी नळी वर प्रेशर सेन्सरपर्यंत जाते. पेला उलटा करून बादलीत दाबला की आतली हवा कोंडते, तसंच इथे होतं. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि सेन्सर तो दाब वाचतो. दहा सेंटिमीटर पाण्याने पडणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या एक टक्का इतकाच. एवढ्या नाजूक मापाला साबणाचा एक गोळा कप्प्याच्या तोंडाशी पुरेसा होतो. मग पाणी भरूनही मशीनला ते भरलेलं वाटत नाही, किंवा रिकामा टब भरलेला वाटतो. नळी साफ करायची तर आधी वरचं टोक सेन्सरपासून सोडवा. नळी जागेवर असताना फुंकर मारली तर सेन्सरचा नाजूक पडदाच फाटू शकतो.

आपल्याकडच्या फ्लॅटांत याच टप्प्याचा आणखी एक घोळ दिसतो. मशीन ड्राय बाल्कनीत, आणि पाणी सोडायची नळी सरळ जमिनीवरच्या जाळीत टाकलेली. ड्रेन पंपाला झडप नसते. पंप बंद असतानाही त्यातून पाण्याला वाट असते. त्यामुळे नळीचा एखादा भाग तरी टबातल्या पाण्यापेक्षा वर असावाच लागतो. साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवरून ती वळवलेली असावी असं कंपन्या सांगतात. मागची क्लिप तुटून नळी खाली लोंबली की एकीकडून पाणी भरतं आणि दुसरीकडून वाहून जातं. मशीन तासभर पाणीच घेत राहतं. बोर्ड बदलायचा सल्ला यावरही दिला जातो, हे सांगून ठेवतो.

पाणी सोडताना अडलं तर पुढच्या बाजूला खाली, बहुधा उजवीकडे, एक छोटं झाकण असतं. त्यामागचा फिल्टर उघडण्याआधी शेजारच्या बारीक नळीतून पाणी ताटलीत काढून घ्या, नाहीतर काळपट, आंबूस वासाचं दोन-चार लिटर पाणी लादीवर येतं. फिल्टरमध्ये सापडतं ते ठरलेलं: नाणी, केसांच्या पिना, शर्टाचं बटण, खिशात राहिलेल्या बिलाचा लगदा आणि या सगळ्याला बांधून ठेवणारा केस-तंतूंचा गुंता. तो काढल्यावर टॉर्च मारून आत बघा, पंपाचं पंखं दिसेल. काडीने ते फिरवून पाहिलं तर ते सरळ फिरत नाही. अडतं, झटका देऊन पुढच्या जागी जातं, पुन्हा अडतं. इथे पंप जाम झालाय असं वाटतं. पण तो अगदी ठीक असतो. पंख्यामागे कायमचुंबक आहे आणि मोटारीच्या लोखंडी गाभ्याकडे तो ठरावीक जागांवर ओढला जातो. तो झटका हीच चुंबक शाबूत असल्याची खूण. पंखं अगदी मोकळं, कुठेही न अडता फिरलं तर मात्र ते चुंबकापासून सुटलेलं असू शकतं.

फिल्टर साफ, पंप ठीक आणि तरी पाणी जात नाही, तर फेस बघा. हाताने धुण्याची पावडर फ्रंट लोडमध्ये घातली की फेसच फेस होतो. पंप पाणी ढकलायला बनवलेला आहे. फेस म्हणजे बहुतांशी हवा, ती त्याच्या पंख्याच्या पकडीत येत नाही. शिवाय फेसाच्या गादीवर पडलेले कपडे आपटत नाहीत, आणि फ्रंट लोडमध्ये मळ निघतो तो मुख्यतः त्या आपटण्यानेच. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ, हा हिशोब इथे उलटा पडतो.

आता पिळण्याचा टप्पा. सगळ्यात जास्त घाबरवतो तोच, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

ड्रमची त्रिज्या २४ सेंटिमीटर धरू. मिनिटाला साधारण ६० फेऱ्यांच्या खाली कपडे वर जाऊन खाली पडतात; त्याच्या वर गेलं की ते ड्रमच्या भिंतीला चिकटून फिरतात, कारण तिथे फिरण्यासाठी लागणारं त्वरण गुरुत्वत्वरणाएवढं होतं. धुताना मशीन ५०च्या आसपास फिरतं ते यासाठीच. पिळण्याआधी ते ८०-१०० फेऱ्यांवर काही सेकंद थांबतं. कपडे भिंतीला चिकटलेत, पण सारखे पसरलेत का, याचा अंदाज मोटारीच्या वेगातल्या चढउतारांवरून ते घेतं. पसंत पडलं नाही तर सगळं खाली पाडून पुन्हा सुरू. एकटी जीन्स किंवा एकच बाथमॅट घातली की हा खेळ संपतच नाही, कारण एका वस्तूचा तोल साधायला समोर दुसरं काही नसतं. दोन टॉवेल सोबत टाका, बहुतेकदा प्रश्न सुटतो.

मशीन इतकं चोखंदळ का, ते आकड्यांतून कळतं. १२०० फेऱ्यांवर ड्रमच्या कडेचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या जवळपास ३८५ पट होतं. ओले कपडे एका बाजूला फक्त अर्धा किलो जास्त असले, तर त्या बाजूला सुमारे १९० किलो वजनाइतका ओढ लागतो, आणि तो सेकंदाला वीस वेळा दिशा बदलतो. १९३७ साली अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने आणलेलं पहिलं स्वयंचलित घरगुती मशीन फ्रंट लोडच होतं, आणि ते जमिनीला बोल्टने आवळावं लागे.

आजचं मशीन नुसतं उभं राहतं, याचं श्रेय आतल्या रचनेला. टब वरून स्प्रिंगांना टांगलेला असतो, खाली धक्के शोषणारे शॉकअप असतात आणि टबला काँक्रीटचे जड ठोकळे जोडलेले असतात. (मशीन उचलताना इतकं जड का लागतं, त्याचं उत्तर हे ठोकळे.) स्प्रिंगांवर टांगलेल्या वस्तूचा स्वतःचा एक झुलण्याचा वेग असतो. ड्रमचा वेग त्याच्याशी जुळला की टब हिंदकळतो. पिळणं सुरू होताना मशीन थोडा वेळ थरथरतं ते याच टप्प्यावर. त्याच्या बरंच पुढे गेलं की टब ड्रमच्या तालावर झुलू शकत नाही, तो जवळपास जागच्या जागी राहतो. टांगलेलं वजन ५० किलो आणि असमतोल अर्धा किलो असेल तर टब जेमतेम अडीच मिलिमीटर हलतो.

यातून निदानाचा एक फार उपयोगी नियम निघतो. सुरुवातीला दणके देऊन मग शांत होणाऱ्या मशीनचे शॉकअप तपासा. त्यांचं कामच तो मधला वेग निभावून नेण्याचं आहे. सगळ्या वेगांत मशीन लादीवर चालत असेल तर पाय समतल नाहीत, किंवा लॉकनट ढिले आहेत, किंवा खाली तो चाकांचा स्टँड आहे. मला स्वतःला हा स्टँड कधीच पटलेला नाही. साफसफाईची सोय होते, पण मशीनला हवी असते घट्ट जमीन. आणि घर बदलल्यावर पहिल्याच धुण्यात मशीन उड्या मारू लागलं, तर मागचे ट्रान्झिट बोल्ट बघा. ते वाहतुकीत टब आवळून धरतात, आणि काढायचे राहिले की स्प्रिंग, शॉकअप सगळं बाद. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांनी ते बोल्ट जपून ठेवावेत. ते न लावता टेम्पोत चढवलेल्या मशीनचे शॉकअप वाटेतच जाऊ शकतात.

दाराबद्दल थोडक्यात. धुणं संपल्यावर दार मिनिटभर उघडत नाही, ते बिघडलेलं नसतं. लॉकमध्ये विजेने तापणारी दोन धातूंची पट्टी असते. ती थंड होऊन सरळ होईपर्यंत खीळ सुटत नाही. ओढाओढी केली तर हँडल तुटतं. पावसाळ्यात दाराच्या रबरावर काळी बुरशी धरते, त्यावर घडी पुसून दार उघडं ठेवण्यासारखा उपाय नाही.

गरम पाण्याच्या प्रोग्रॅमला मेन बोर्डावरचा ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो, ही तक्रार बहुधा हीटरची. थंड पाण्यावर धुणं शेवटपर्यंत होतं का पाहा. झालं तर संशय पक्का. हीटरवर पांढरा थर चढतो तो बोअरच्या जड पाण्यामुळे. ठाण्याला भातसा आणि उल्हास नद्यांचं पाणी येतं, नवी मुंबईला मोरबे धरणाचं. ही पाणी मृदू. पण जिथे सोसायटी टँकरवर किंवा बोअरवर चालते, तिथे बेसॉल्टातून झिरपलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट सोबत येतं. तापलं की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन हीटरवर बसतं, आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि हीटर आतून जळतो. रिकाम्या ड्रममध्ये शंभर ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकून ६० अंशांवर चालवलं की थर विरघळतो. त्याच वेळी ब्लीच मुळीच घालू नका, क्लोरीन वायू सुटतो. हीटर स्वतः बदलायला जाऊ नये, आणि ईएलसीबी पडतो म्हणून तो बायपास तर अजिबात करू नये.

राहिला बेअरिंगचा आवाज. वेग वाढेल तशी घरघर वाढत जाते, सुरुवातीला दणके नसतात. ड्रम रिकामा करून त्याची वरची कड धरा आणि उचलून बघा. खुळखुळ जाणवली तर बेअरिंग गेलं. कड उचलताना ठोका ऐकू आला तर ड्रमला मागून धरणारा तीन हातांचा आधार, म्हणजे स्पायडरही तपासायला सांगा. तो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, ड्रम स्टेनलेस स्टीलचा, आणि मध्ये साबणाचं अल्कधर्मी पाणी. दोन धातूंमध्ये विद्युतघट तयार होऊन ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. हे काम घरी होण्यासारखं नाही. मेकॅनिकला आधी एकच विचारा: टब स्क्रूने जोडलेला आहे की वेल्ड केलेला? वेल्डचा असेल तर बहुधा टब आणि ड्रम पूर्णच बदलावे लागतात, आणि तेव्हा नव्या मशीनच्या किमतीशी तुलना करणं रास्त. स्क्रूचा असेल तर बेअरिंग बदलून भागतं, फक्त रबरी सीलही नवीन टाकायला लावा. पाणी आत शिरलं ते त्याच वाटेने.