जुना धुरा ‘जर्मन’ म्हणून लाखाचा होत नाही

मराठवाड्यात कुणाच्या वाड्यात ट्रकचा जुना धुरा निघाला की कुणीतरी सांगतंच, “टाटा-मर्सिडीजचा आहे, अस्सल जर्मन, लाखाला मरण नाही!” हा समज चुकीचा आहे. टाटांचा मर्सिडीज बनवणाऱ्या जर्मन डेमलर-बेंझशी करार 1954 ते 1969 होता आणि ते ट्रक जमशेदपुरात बनत. ओतीव भागावर उठून दिसणारा आकडाही बहुधा त्या सुट्या भागाचाच असतो, ट्रकच्या मॉडेलचा नव्हे.

खरी ओळख दातांत आहे. डिफरन्शियल (धुऱ्याच्या मधला दातेरी चाकांचा गोळा) खोला, क्राऊनचे, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाचे दात मोजा, त्यांना पिनियनच्या, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या छोट्या चाकाच्या दातांनी भागा. 41 आणि 6 निघाले तर गुणोत्तर 6.83. ते, चाकाच्या बोल्टांची संख्या आणि बसवायची मापं जुळली तरच धुरा दुसऱ्या ट्रकला चालेल. दातांचे टवके उडालेले असतील तर क्राऊन-पिनियन जोडीनंच बदलावे लागतात, तेवढी किंमत आधीच वजा करा.

उसाच्या ट्रॉलीसाठी हवा असेल तर गुणोत्तराचा विचारच नको. धुरा सरळ आहे का, तडा किंवा जुनं वेल्डिंग आहे का, बेअरिंगची जागा शाबूत आहे का, हे मात्र बारकाईनं पाहा. भरल्या ट्रॉलीखाली धुरा तुटला तर माणूस जातो, इथं भिडेखातर घेऊ नका.

यातलं काहीच जमत नसेल तर तो जालन्याच्या भंगार वितळवणाऱ्या भट्ट्यांचा माल, भाव वजनावर.